नवा विजयदुर्ग, जुनी शिदोरी

कोलकात्याला जाऊन फोर्ट विल्यम पाहायचा बेत असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आत जाता येणार नाही. हा किल्ला म्हणजे भारतीय लष्कराच्या ईस्टर्न कमांडचं मुख्यालय आहे. परवानगीशिवाय गेलेल्या पर्यटकाला दारावरूनच परतावं लागतं, आणि तिथे मोबाईल काढून फोटो घेण्याचा उत्साहही आवरलेला बरा.

मग जायचं कशाला? किल्ल्याच्या भोवती पसरलेल्या मैदानासाठी. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, गवतावर चादर अंथरून, घरून आणलेला डबा उघडण्यासाठी. अख्खं कोलकाता हेच करतं. आणि आता तर या जागेशी तुमचं-माझं एक नातंही जोडलं गेलं आहे.

२०२५ च्या सुरुवातीला बातमी आली, की फोर्ट विल्यमचं नाव 'विजय दुर्ग' झालं. हे नाव आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या, देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गावरून घेतलेलं. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज गेटला 'शिवाजी गेट' म्हणायला लागले आणि किचनर हाऊसचं माणेकशॉ हाऊस झालं. टॅक्सीवाल्याला मात्र अजून फोर्ट विल्यमच सांगा.

या नामकरणात इतिहासाची एक मजेदार गाठ आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या दोन इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग जिंकला. जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य त्यांच्या सोबत होतं, हे आपल्याला आठवायला फारसं आवडत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सिराजउद्दौल्याने कोलकात्याचा जुना फोर्ट विल्यम घेतला. तो सोडवायला निघालेले कोण, तर हेच वॉटसन आणि क्लाइव्ह. जानेवारी १७५७ मध्ये कोलकाता परत घेतलं, जूनमध्ये प्लासी झाली आणि १७५८ मध्ये क्लाइव्हने नव्या जागेवर नवा किल्ला बांधायला घेतला. विजयदुर्ग जिंकणाऱ्याने पाया घातलेल्या किल्ल्याला आज विजयदुर्गाचंच नाव आहे!

हा नवा किल्ला पुरा व्हायला १७८१ च्या आसपासचा काळ उजाडला. त्यासाठी गोविंदपूर नावाचं गाव उठवलं गेलं. किल्ल्याभोवतीचं जंगल साफ केलं, कारण तोफांना समोर मोकळी जागा हवी होती. शत्रू लपत-छपत जवळ येऊ नये म्हणून राखलेली ती मोकळी जागा म्हणजेच आजचं मैदान. सुमारे ४०० हेक्टरांचं हे हिरवं पटांगण आजही लष्कराच्या ताब्यात आहे. या नव्या किल्ल्यावर कधी हल्ला झालाच नाही. तोफांसाठी ठेवलेल्या जागेवर क्रिकेट, फुटबॉल, शेळ्या, घोडे आणि डबे आले.

अर्थात मराठ्यांची भीती या शहराला त्याच्याही आधीपासून माहीत होती. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे काही कोलकात्यात आले नाहीत आणि खंदकही अर्धवटच राहिला. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला, तरी बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे. बंगाली आया बाळांना झोपवताना 'बोर्गी' येतील अशी अंगाई म्हणायच्या. बोर्गी म्हणजे आपले बारगीर. आणि त्याच बंगालमध्ये रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. एवढी उलथापालथ झालेल्या नात्यात, आपण निदान मैदानात कचरा टाकून पुन्हा नाव खराब करू नये, नाही का?

तर आता डब्याकडे वळू.

तीस तासांची शिदोरी

मुंबईहून हावडा जवळजवळ दोन हजार किलोमीटर. नागपूरमार्गे जाणाऱ्या गाडीने तीस तास सहज जातात. एवढ्या प्रवासात एका कुटुंबाने प्रत्येक जेवण गाडीत विकत घेतलं, तर सीटखाली काय काय साठतं ते एकदा मोजून बघा. फॉइलचे डबे, त्यांची झाकणं, लोणच्याच्या पुड्या, कागदी कप, पाण्याच्या बाटल्या. चौघांचं हे एका दिवसाचं सामान एका पिशवीत मावत नाही.

आपल्याकडे याला उत्तर होतं आणि त्याला सुंदर शब्दही होता, शिदोरी. तिचं निम्मं काम पॅकिंगपेक्षा स्वयंपाकातच व्हायचं. पाण्याऐवजी दुधात कणीक मळून केलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. धपाटे, थालीपीठ, मेथीची पुरी, सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. या मंडळींना हवाबंद प्लास्टिक लागतच नाही. उलट ते दिलं तर आत घाम धरून ती लवकर बिघडतात. त्यांना लागतं एक सुती फडकं. पोळी पूर्ण गार झाल्यावर फडक्यात गुंडाळायची आणि ती पुरचुंडी डब्यात ठेवायची. कापड जास्तीचा ओलावा शोषून घेतं आणि पोळी कोरडीही पडत नाही. एवढं साधं शास्त्र आहे. जुना पंचा, मऊ झालेली सुती ओढणी, काहीही चालतं, फक्त ते स्वच्छ धुतलेलं आणि सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर न लावलेलं असावं. गुलाबाच्या वासाची दशमी कुणाला आवडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वेळेवर असेल आणि तुम्ही गीतांजलीने आला असाल, तर टाटानगर सोडल्यानंतर खिडकीबाहेर बघत राहा. घाटशिला, झारग्राम अशी स्टेशनं येतात आणि मधूनमधून सरळसोट उंच झाडांची राई दिसते. हा साल वृक्ष. बंगालीत शाल. कोलकात्यात उतरल्यावर तुमच्या हातात पहिला द्रोण येईल तो याच झाडाच्या पानाचा असेल.

पानात काय काय मावतं

हावड्याहून मेट्रोने एस्प्लनेडला या. २०२४ मध्ये सुरू झालेली ही मेट्रो हुगळी नदीच्या खालून जाते, त्यामुळे लहान मुलं सोबत असतील तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. वर आलात की मैदानाचं एक टोक समोर असतं.

इथे फुचका खा. आपली पाणीपुरी म्हणा, पण कोलकातेकरासमोर म्हणू नका. फुचकावाला तुमच्या हातात सालच्या पानाचा छोटा द्रोण देतो. पान दुमडून काडीने टाचलेलं असतं. त्यातून चिंचेचं पाणी गळत नाही. घुगनी म्हणजे वाटाण्याची दाट उसळ, तीही अशाच द्रोणात मिळते. सकाळच्या कचोरी-भाजीलाही पुष्कळ ठिकाणी हेच पान.

ही पानं येतात झारग्राम, पुरुलिया, बांकुडा, पश्चिम मेदिनीपूर या जंगलपट्ट्यातून. तिथल्या आदिवासी बायका जंगलातून पानं गोळा करतात, बारीक काड्यांनी टाचून गोल पत्रावळ करतात आणि उन्हात वाळवतात. पुढे काही पत्रावळी मशीनमध्ये दाबून त्यांना ताटलीचा आकार दिला जातो. म्हणजे फुचक्याच्या त्या इवल्याशा द्रोणामागे कुणाची तरी सकाळभरची पायपीट असते. थर्माकोलची प्लेट आली तेव्हा मार बसला तो या कामाला. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट, कप, चमचे, स्ट्रॉ आणि मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्मसुद्धा बंद झाली, तेव्हा कागदावर तरी पानाला पुन्हा जागा मिळाली. बाजारात मात्र पानाची लढाई आता चकचकीत चंदेरी कागदाच्या प्लेटशी आहे. ती प्लेट दिसायला कागदाची, पण तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ती धड कुजत नाही आणि धड रद्दीतही जात नाही.

आपल्याकडे हेच काम पळसाने केलं. पळसाला पानं तीनच, त्यामुळे एका पत्रावळीला बरीच पानं चोयांनी टाचावी लागत. कोकणात पोफळीच्या विरीची ताटं होतात, केळीच्या पानावर पानगी थापतात, हळदीच्या पानात पातोळे उकडतात. बंगाली माणूस केळीच्या पानात मोहरी लावलेला मासा गुंडाळतो आणि त्याला पातुरी म्हणतो. पान हे वेष्टनही आहे आणि स्वादही आहे. हे प्लास्टिकला कधी जमलं नाही.

केळीच्या पानात सँडविच बांधायचं असेल तर एक युक्ती लक्षात ठेवा. ताजं पान तसंच दुमडलं तर शिरेवर फाटतं. आधी मधला जाड दांडा सुरीने तासून टाका आणि पान गॅसच्या ज्योतीवरून भरभर फिरवा. दोन सेकंदांत ते चकाकतं, गडद होतं आणि कापडासारखं लवचीक बनतं. मग कसंही दुमडा.

ठोंग्याचा प्रश्न

मैदानातलं दुसरं लाडकं खाणं म्हणजे झालमुडी. चुरमुरे, मोहरीचं कच्चं तेल, कांदा, मिरची, ओल्या खोबऱ्याची लांब कातळी. डब्यात सगळं खडखड हलवून विक्रेता ती कागदाच्या निमुळत्या पुड्यात ओततो. या पुड्याला म्हणतात ठोंगा. जुन्या वर्तमानपत्राचे, वहीच्या पानांचे ठोंगे घरोघरी खळ लावून चिकटवले जातात आणि त्यावर अनेकांची चूल चालते. चुरमुरे संपल्यावर ठोंगा उलगडून त्यावरची अर्धी बातमी वाचायची, हा कोलकातेकरांचा जुना छंद. आपल्याकडे भेळेच्या कागदावरचं शब्दकोडं सोडवणारे कमी नाहीत.

इथे मला थोडं कडू बोलायचं आहे. छपाईची शाई खाण्यासाठी बनवलेली नसते. गरम आणि तेलकट पदार्थ तिला चटकन ओढून घेतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये याबद्दल सावध केलं आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला मनाईच केली. म्हणून वडापावचा, भज्यांचा तो तेलाने पारदर्शक झालेला पेपर कितीही 'इको' दिसला तरी मुलांच्या हातात देऊ नका. कागदाचा पुनर्वापर चांगलाच, पण पोटातून नको. ठोंगा हवाच असेल तर कोऱ्या खाकी कागदाचा. तो घरी दहा मिनिटांत बनतो, गव्हाच्या पिठाची खळ पुरते, आणि सुट्टीत मुलांना हे काम द्यायला हरकत नाही. कोरडे पदार्थ, म्हणजे चिवडा, शेंगदाणे, शंकरपाळे यांना तो उत्तम.

कागदी कपाचीही तीच कथा. कागद पाण्यात विरघळू नये म्हणून आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. याच गीतांजलीच्या वाटेवरच्या खरगपूरला आयआयटी आहे. तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की अशा कपात गरम द्रव १५ मिनिटं राहिला तर १०० मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. चहा पिता पिता गप्पा रंगल्या की पंधरा मिनिटं कुठे जातात कळतं का?

कोलकात्याचं उत्तर आहे भांड. मातीचा बिनकानाचा कप. प्रिन्सेप घाटाच्या पायऱ्यांवर बसून, समोर हुगळी आणि तिच्यावरचा विद्यासागर सेतू बघत भांडमधला चहा प्या, मातीचा वास आणि चहाची वाफ एकत्र येते. भांडविषयी एक मात्र खरं बोललं पाहिजे. माती भट्टीत भाजलेली असते, ती लगेच पुन्हा माती होत नाही, आणि भाजायला इंधन जातं ते जातंच. पण तो फुटून पडला तरी शेळीच्या पोटात अडकत नाही. माझ्या लेखी एवढा फरक पुरेसा आहे. मिष्टी दोईचं मातीचं भांडं तर फेकूच नका. त्यात कोथिंबीर पेरा.

सँडविच, पण लगदा न होता

मैदानातल्या सहलीला सँडविच सगळ्यात सोपं, आणि प्लास्टिकची फिल्म, फॉइल, झिपची पिशवी सगळ्यात जास्त वापरली जाते तीही सँडविचलाच. कारण एकच, ओलं होऊन त्याचा लगदा होईल ही भीती. ती भीती पॅकिंगने जात नाही, बनवण्याने जाते. ब्रेडच्या दोन्ही कापांना अगदी कडेपर्यंत लोणी लावा, म्हणजे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये शिरत नाही. चटणी वाटताना पाणी घालू नका, भाजलेल्या डाळ्याचा चमचाभर चुरा घाला. बटाटा उकडून पूर्ण गार करा. काकडी-टोमॅटो वेगळ्या छोट्या डबीत न्या आणि जागेवर घाला. मेयोनीज मात्र नकोच. हिवाळ्यातसुद्धा दुपारच्या उन्हात त्याचा भरवसा नाही, आणि कोलकात्याच्या मे महिन्यातल्या दमट हवेत तर विचारूच नका.

एवढं केलंत की सँडविच सुती फडक्यात घट्ट गुंडाळून सपाट स्टीलच्या डब्यात उभं रचा. दुपारपर्यंत छान राहतं.

हल्ली मधमाश्यांच्या मेणाचं कापड मिळतं. मेणकापड म्हटलं की आपल्याला तान्ह्या बाळाखाली घालायचं आठवतं, हे ते नव्हे. सुती कापडावर मेण, राळ आणि थोडं तेल लावलेलं असतं. हाताच्या उबेने ते मऊ होऊन भांड्याला किंवा ब्रेडला चिकटतं. चीज, ब्रेड, कापलेलं फळ यांना चांगलं. गरम पदार्थ ठेवला तर मेण वितळतं, म्हणून ते गार पाण्यानेच धुवायचं. कच्चं मांस-मासे त्यात अजिबात नकोत. किंमत मात्र जास्त आहे, आणि पंचाचा तुकडा तेच काम बऱ्याच अंशी करत असेल तर धावत जाऊन घ्यायची गरज मला वाटत नाही. बांबूचे देखणे डबे, 'बायोडिग्रेडेबल' छापलेल्या पिशव्या यांचंही तसंच. त्यातल्या काही पिशव्या कारखान्यातल्या जास्त तापमानाच्या कंपोस्टमध्येच कुजतात, मैदानातल्या गवतावर नाही.

कोलकात्याचं स्वतःचं 'सँडविच' म्हणजे काठी रोल. काठी म्हणजे आपलीच काठी. कबाब ज्या सळईवर भाजत ती पुढे बांबूची झाली आणि हे नाव रुळलं. रोलची खरी कमाल म्हणजे त्याचं वेष्टन खाता येतं. पराठाच ताट, पराठाच झाकण. खाली कागदाचा छोटा तुकडा लागतो तेवढाच. तूप-साखर लावून पोळीची सुरळी करून शाळेत देणाऱ्या आयांना हे तंत्र कुणी शिकवायला नको.

परत येणारा डबा

हे सगळं सांगून झाल्यावरही मला वाटतं, की सगळ्यात भारी पॅकिंग आपल्याच मुंबईत आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली, तेव्हापासून डबेवाल्यांचा डबा सकाळी जातो आणि दुपारी रिकामा होऊन घरी परत येतो. तोच डबा, वर्षानुवर्षं. स्टील बनवायला ऊर्जा बरीच लागते. म्हणून स्टीलचा डबा विकत घेतल्याने काही साधत नाही, तो हजार वेळा वापरल्याने साधतं. तुमच्या माळ्यावर आजीचा तीन पुडांचा डबा पडलेला असेल, पितळी कडीचा, एका बाजूला पोचा आलेला. तो काढा. रबराची रिंग गेली असेल तर रस्सा नेऊ नका, पण सुकी भाजी, पोळी आणि वर दहीभात एवढं त्यात मजेत जातं.

मैदानात जागा निवडताना व्हिक्टोरिया मेमोरियलची पांढरी इमारत समोर राहील अशी निवडा. ती १९२१ मध्ये खुली झाली. तिच्या बाहेरच्या बग्ग्यांचे घोडे मैदानातच चरतात, शेळ्याही असतात. अन्नाचा वास लागलेली पिशवी त्यांना खाऊच वाटते. हिवाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी इथे फेरी मारलीत तर वाऱ्याने लोळणाऱ्या प्लेटा आणि पाकिटं स्वतःच दिसतील. पर्यावरणाच्या प्रश्नावरून न्यायालयात वाद झाला आणि २००७ मध्ये कोलकात्याच्या लाडक्या पुस्तक मेळ्यालाही मैदान सोडावं लागलं. पुस्तकं गेली. चिप्सची पाकिटं अजून येतातच.

म्हणून निघताना सामानात दोन पिशव्या जास्तीच्या टाका, कापडी. एकीत उष्टे डबे, दुसरीत फळांची सालं आणि पानाचे द्रोण. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या, घरचेच चमचे आणि हात पुसायला ओला नॅपकिन डबीत. चौघांचं सगळं मिळून एका खांद्यावर मावतं.

आणि परत येताना एक वस्तू जरूर आणा. कोलकात्याच्या बाजारात सालच्या पत्रावळींची चळत मिळते. वजनाला हलकी, बॅगेच्या तळाशी सपाट बसते. घरच्या हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, गणपतीच्या प्रसादाला उपयोगी पडते. फक्त घेताना पानं नीट वाळलेली आहेत ना हे वास घेऊन बघा, घरी आल्यावर दोन दिवस उन्हं दाखवा आणि पावसाळ्यापूर्वी वापरून टाका. नाहीतर त्यांच्यावर बुरशी धरते.